अकरा अक्षरं जास्त

ताईचा फोन शनिवारी सकाळी आला. इकडचं तिकडचं काहीही न विचारता तिनं सांगितलं, "उद्या संध्याकाळी पाचला माझा टेंपो येतोय. खिडकीची खोली रिकामी करून ठेव."

"खिडकीची खोली माझी आहे," धाकटा म्हणाला.

"तुझी? करार विसरलास का रे?"

धाकटा करार विसरला नव्हता. ताईच करार विसरेल, या आशेवर तो बावीस वर्षं जगत होता. तो चौतीस वर्षांचा होता, पण घरात त्याला अजूनही धाकटाच म्हणत, आणि त्याच्याकडे बघून कुणालाही यात चूक वाटत नसे.

घरात झोपायच्या खोल्या तीन. एक आई-अण्णांची. दुसरी खिडकीची, जिच्यात ऊन यायचं, वारा यायचा आणि समोरचं झाड दिसायचं. तिसरी पंपाची. तिच्या भिंतीपलीकडे पाण्याचा पंप होता, आणि तो रोज पहाटे साडेपाचला असा सुरू व्हायचा, की झोपलेला माणूस उठून आधी आपले दात मोजायचा. ताई पंधरा वर्षांची आणि धाकटा बारा वर्षांचा असताना या खोल्यांवरून इतकी मारामारी झाली, की अण्णांनी रीतसर करार करायला लावला. घरात तेव्हा व्हिडिओ गेमचं एक यंत्र होतं, त्याच्यावर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता, आणि कराराचा मजकूर एका ओळीचा होता: 'पहिल्या तारखेला शर्यतीचा विक्रम ज्याच्या नावावर असेल, खिडकीची खोली त्याची.' खाली तिघांच्या सह्या.

तीस तारखेच्या संध्याकाळी यंत्र बंद पडलं. विक्रमाचा तक्ता आतल्या कार्डावरच राहिला. पुढं ताई शिकायला वसतिगृहात गेली, दंतवैद्य झाली, दुसऱ्या गावी दवाखाना थाटला. धाकट्यानं खिडकीच्या खोलीत 'तात्पुरता' मुक्काम टाकला आणि बावीस वर्षं हलला नाही. आता ताई दवाखाना गुंडाळून परत येत होती.

"विक्रम माझाच होता," ताई म्हणाली. "शेवटची फेरी मी मारली होती."

"शेवटची मी मारली होती. यंत्र सुरू असतं ना, तर दाखवलं असतं."

"मग कर सुरू. संगणकातला माणूस म्हणवतोस ना स्वतःला?"

धाकटा घरी बसून दुकानदारांच्या वेबसाइट बनवायचा. शेजाऱ्यांचं इंटरनेट बंद पडलं, की तो जाऊन डबा बंद करून पुन्हा सुरू करायचा. या दोन गोष्टींवर त्याची सगळी कीर्ती उभी होती, आणि ती पडू नये म्हणून तो म्हणाला, "करतो. त्यात काय आहे?"

त्यात काय आहे, हे त्याला तासाभरात कळलं. माळ्यावरून उतरवलेलं यंत्र मेलेलंच होतं. पण नाउमेद होईल तर तो धाकटा कसला! त्यानं एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम संगणकात घातला. हा प्रोग्रॅम जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करतो, आणि गेमला आपण जुन्याच यंत्रात आहोत असं वाटतं. धाकट्यानं ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर आलं: फर्मवेअर फाईल सापडली नाही.

"ही काय भानगड?" मागं उभ्या अण्णांनी विचारलं.

"यंत्र सुरू झालं की आधी काय करायचं, मग काय करायचं, हे त्याच्या एका चिपमध्ये लिहिलेलं असतं. ते फर्मवेअर. त्याची फाईल लागते. इंटरनेटवर पडलेल्या असतात, घेतो उचलून."

"उचलून?" अण्णांचा चष्मा कपाळावर गेला. "परक्याच्या यंत्राची फाईल उचलून आपल्या करारात लावणार? आपल्या यंत्राची काढ. मूळ प्रत पाहिजे."

अण्णा छत्तीस वर्षं अभिलेख कार्यालयात होते. एवढ्या काळात एकही कागद त्यांच्या सहीशिवाय पुढं सरकला नाही, आणि खरं तर सहीनंतरही फारसा सरकला नाही. निवृत्त होताना कार्यालयानं त्यांना घड्याळ दिलं. सवय मात्र काढून घेतली नाही. घरात आलेला प्रत्येक कागद ते वाचत, खाली इंग्रजीत 'CHECKED' लिहीत आणि पुढं आपली तीन आद्याक्षरं ठोकत: VNK. वाण्याची यादी, औषधाचं पाकीट, कॅलेंडरचं प्रत्येक पान. पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या पाचशे प्रती त्यांनी एकेक करून तपासल्या होत्या. पाहुण्यांना वाटलं, नवऱ्यामुलाला तपासून घेतलंय.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. गिऱ्हाईक म्हणजे निसर्गाची चूक, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"यंत्र गेलंय," तो म्हणाला. "पण चिप शाबूत दिसते. चिपमधलं फर्मवेअर, गेमची तबकडी आणि विक्रमाचं कार्ड, तिन्हीच्या फाईली काढून पेनड्राइव्हवर देतो. उद्या सकाळी."

"दुसरी प्रत ठेवायची नाही," अण्णा म्हणाले. "तसं लिहून द्या."

दुरुस्तीवाल्यानं अण्णांकडं पाहिलं, मग धाकट्याकडं पाहिलं, आणि लिहून दिलं. अण्णांनी ते तपासून सही केली.

रविवारी सकाळी दहाला दुरुस्तीवाला पेनड्राइव्ह घेऊन घरी आला. ताईही तोवर येऊन बसली होती. "नीट ऐक," तो धाकट्याला म्हणाला, "फाईलचं नाव बदलायचं नाही. 'सिस्टिम' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. आणि आतल्या मजकुराला बोट लावायचं नाही. एक अक्षर इकडचं तिकडं झालं, तरी एम्युलेटर ओळखतो."

"मला सांगताय?" धाकटा हसला.

"इथं दुसरं कोण गाढव आहे?" असं विचारून दुरुस्तीवाला गेला.

धाकट्यानं पेनड्राइव्हला हात घातला, तोच अण्णा म्हणाले, "थांब. आधी आवक नोंद." आणि पेनड्राइव्ह घेऊन ते आपल्या टेबलावरच्या जुन्या संगणकाशी गेले. दहा मिनिटांनी त्यांनी तो परत आणून दिला. कुणाला काही वाटलं नाही. अण्णांनी नोंद केली नसती, तर वाटलं असतं.

फाईल 'सिस्टिम' फोल्डरमध्ये गेली. बटण दाबलं. पडद्यावर आलं: फर्मवेअर अस्सल नाही.

"अस्सल नाही म्हणजे?" ताई म्हणाली.

"म्हणजे... तसं काही नसतं. हे असं म्हणतंच."

धाकट्यानं संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. अस्सल नाही. फोल्डर इकडून तिकडं नेला. फाईल सापडली नाही. परत आणला. अस्सल नाही. मग त्यानं पेनड्राइव्ह काढला, फुंकला, उलटा घालायचा प्रयत्न केला, सुलटा घातला.

"फुंकून काय होणार आहे?" ताई म्हणाली. "माझ्याकडे पेशंट येतात ना, दाढ सडलेली आणि लवंग चोखत बसलेले, त्यांच्यासारखा दिसतोयस अगदी."

शेवटी धाकट्यानं इंटरनेटवरच्या एका चर्चामंडळात प्रश्न टाकला. तिथं जगभरचे जाणकार जमतात आणि एकमेकांना मदत करण्याचं टाळतात. दोन मिनिटांत तीन उत्तरं आली. पहिलं: आधी मंडळाचे नियम वाचा. दुसरं: हा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. तिसरं: फाईल चोरलेली आणि बनावट दिसते.

"चोरलेली?" अण्णांचा आवाज चढला. "आवक क्रमांक आहे तिला! लिही त्याला. 'महोदय, आपल्या बेजबाबदार विधानाच्या अनुषंगानं...'"

"अण्णा, लहान पोरं असतात हो तिथं."

"पोरं असली म्हणून काय झालं? त्यांच्या वरिष्ठांचा पत्ता विचार."

दुपारी दोनला दुरुस्तीवाला पुन्हा आला. जेवणावरून उठवल्यामुळे तो मुळात होता त्याहून गोड झाला नव्हता. आपला लॅपटॉप उघडून त्यानं पेनड्राइव्ह घातला आणि फाईलचा आकार पाहिला.

"पाच लाख चोवीस हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी पाहिजे," तो म्हणाला. "एक कमी नाही, एक जास्त नाही. इथं दोनशे नव्व्याण्णव आहेत. अकरा अक्षरं जास्त. ही कुठून आली?"

"तुमच्या दुकानातून आली असतील," धाकटा म्हणाला.

"माझ्या दुकानातून धूळ येते. अक्षरं येत नाहीत." त्यानं फाईल उघडली. पडद्यावर न वाचता येणाऱ्या खुणांचा किडेमुंग्यांसारखा बाजार भरला. तो खाली सरकत गेला, सरकत गेला, आणि शेवटच्या ओळीवर थांबला. तिथं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं:

CHECKED VNK

सात अक्षरं, मधली एक मोकळी जागा, आणि तीन अक्षरं. कार्यालयाप्रमाणे संगणकातही मोकळी जागा मोजण्यात धरतात.

चौघांनी अण्णांकडं पाहिलं. चौथी आई होती. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली होती, आणि तिला आश्चर्य अजिबात वाटलेलं नव्हतं.

"मग?" अण्णा म्हणाले. "तपासली. सही नको करायला?"

"अण्णा! काय तपासलीत तुम्ही? त्यातलं एक अक्षर तरी कळतं का कुणाला?"

"कळलं पाहिजे असा नियम नाही. छत्तीस वर्षांत मला कुठं सगळं कळत होतं?"

"पण मजकुराला हात लावायचा नव्हता, काका," दुरुस्तीवाला म्हणाला. समोर त्याच्याहून मोठा माणूस आहे, हे त्याच्या लक्षात येऊ लागलं होतं.

"लावलेला नाही. मजकूर संपल्यावर खाली, रिकाम्या जागेत केलीय. कार्यालयातल्या संगणकाच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं, बाकी कशाला धक्का न लावता शेवटी ओळ कशी जोडायची. बघा, धक्का लागलाय का कुठं?"

दुरुस्तीवाल्यानं पाहिलं. खरंच कुठंही लागला नव्हता. एवढं सफाईदार काम त्याला स्वतःला जमलं नसतं, आणि याचाच त्याला जास्त राग आला.

"आणि बाकीच्या दोन फाईली?" ताईनं घाबरत विचारलं. "कार्डाची?"

"त्या जोडपत्रं. सही मुख्य कागदावरच करतात."

घरानं सुटकेचा श्वास टाकला. फाईल अस्सल असल्याची खात्री करून दिल्यामुळेच ती बनावट ठरली होती. कार्यालयात याला कार्यपद्धती म्हणत असत. दुरुस्तीवाल्यानं ती अकरा अक्षरं पुसली, आकार दोनशे अठ्ठ्याऐंशी झाल्याचं सगळ्यांना दाखवलं, पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि तो गेला.

"एक मिनिट," अण्णा म्हणाले. "बाहेर जाऊन दुरुस्त होऊन आलाय. पुन्हा आवक."

धाकटा तेव्हा खुर्चीची उंची नीट करत होता. ताई फोनवर टेंपोवाल्याला गल्ली समजावून देत होती. एवढ्या गुन्ह्यानंतरही अण्णांच्या हातात पेनड्राइव्ह द्यायला जे धारिष्ट्य लागतं, ते दोघांकडं भरपूर होतं.

साडेतीनला बटण दाबलं. फर्मवेअर अस्सल नाही.

धाकट्यानं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "तुम्ही काहीतरी घोळ घातलाय."

"आकार सांग."

"पाच लाख चोवीस हजार दोनशे..." धाकट्याचा आवाज बारीक झाला. "नव्व्याण्णव."

 मग दुरुस्तीवाला म्हणाला, "शेवटची ओळ वाच."

धाकट्यानं वाचली. DELETED VNK.

"खाडाखोड केली, तर खाडाखोडीवर सही लागते!" अण्णा आपल्या खुर्चीतून ओरडले. "नाहीतर उद्या कुणीही म्हणेल, इथं काय होतं आणि कुणी काढलं?"

"पण हेच काढायचं आहे, अण्णा!"

"काढा की. मी कुठं नाही म्हणतो? काढल्याची नोंद करू."

"ती नोंद काढल्याची पण नोंद करणार?"

"प्रश्नच नाही."

धाकटा ती ओळ पुसायला बसला. ताईनं त्याचा हात धरला. "पुसू नकोस. तू पुसलंस की ते लिहिणार. पाच वाजता माझी दवाखान्यातली खुर्ची येतेय, दीड क्विंटलची. ती काय रस्त्यावर ठेवू?"

"मग काय करू? वडलांना कोंडून ठेवू?"

"पंपाच्या खोलीत ठेव. आपोआप कागद सोडतील."

"मी ऐकतोय," अण्णा म्हणाले. "आणि ही धमकी कुणाच्या नावावर लिहायची तेवढं सांगा."

भांडण असं रंगात आलं असताना आईनं ड्रॉवरमधून एक जुनं लहान पाकीट काढलं आणि अण्णांपुढं ठेवलं. "पेनड्राइव्ह या पाकिटात येणार, या पाकिटात जाणार. काय तपासलंत, काय खोडलंत, सगळं पाकिटावर लिहा. आत कशाला शिरता?"

अण्णांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला. "आवरणपत्र!" ते म्हणाले. "हे आधी का नाही सुचवलंस?"

"अडतीस वर्षं मला कुणी विचारलंच नाही," आई म्हणाली.

धाकट्यानं ती ओळ पुसली. अण्णांनी पाकिटावर नऊ सह्या केल्या. तेवढ्यात दारात टेंपो येऊन थांबला. हमालांनी दाताची खुर्ची उतरवून अंगणात ठेवली, आणि टेंपोवाला तिच्यात आडवा झाला. "तुमचं चालू द्या," तो खिडकीतून म्हणाला. "मला घाई नाही. ही मागं जाते का हो?"

बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग बावीस वर्षांपूर्वीचा तो घंटेसारखा सूर घुमला, आणि ताई-धाकट्याच्या अंगावर काटा आला. गेम उघडला. गाड्या झळकल्या. कार्ड वाचलं जात असल्याची पट्टी पुढं सरकली.

"आता कळेल," ताई म्हणाली. "सामान बांधायला घे."

"तूच हमालांना सांग, खुर्ची पंपाकडं न्या म्हणावं."

विक्रमांचा तक्ता उघडला. दहा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत वेळ, आणि वेळेपुढं खेळाडूची तीन अक्षरं. पहिला क्रमांक: VNK. दुसरा: VNK. तिसरा, चौथा, पाचवा. दहाच्या दहा.

 अंगणात दाताची खुर्ची हळूच मागं गेल्याचा आवाज आला.

"अण्णा," ताई अगदी सावकाश म्हणाली, "तुम्ही कधी गेम खेळत होतात?"

"छे! मला कुठं येतंय? मी फक्त तपासायचो."

आणि त्या क्षणी दोघांना एकदमच आठवलं. आपल्या कामावर आपणच सही करायची नाही, असा घरातला नियम होता. नवा विक्रम झाला, तुतारी वाजली आणि पडद्यानं तीन अक्षरं मागितली, की जो खेळत असेल त्यानं आतून ओरडायचं, "अण्णा, सही!" मग अण्णा यायचे, वेळ पाहायचे, चष्मा पुसायचे आणि एकेक अक्षर टिपून टाकायचे. बावीस वर्षं ज्या तक्त्याच्या जोरावर दोघं भांडत होती, तो सगळाच्या सगळा तपासलेला होता.

"म्हणजे कोण जिंकलं, हे कुणालाच कळणार नाही?" धाकटा म्हणाला.

"का नाही? लिहिलंय की." अण्णांनी फायलीतून करार काढला. कागद पिवळा पडला होता, पण सह्या ठणठणीत होत्या. ते मोठ्यानं वाचू लागले. "'पहिल्या तारखेला शर्यतीचा विक्रम ज्याच्या नावावर असेल...'" इथं ते थांबले. चष्मा सारखा केला. तक्त्याकडं पाहिलं. पुन्हा कराराकडं पाहिलं. "'खिडकीची खोली त्याची.'"

"अण्णा, नाही हं," ताई म्हणाली.

"मी काही म्हणत नाही. कागद म्हणतोय."

"अहो, पण तुम्हाला खोली आहे ना? आईबरोबर?" धाकटा काकुळतीला आला. "आई, तू तरी सांग."

पण आई तिथं नव्हतीच. ती खिडकीच्या खोलीतून बाहेर येत होती. अण्णांची उशी, पांघरूण, चष्म्याचं घर आणि फायलींचा पहिला गठ्ठा आत नेऊन ठेवायला तिला चार मिनिटंही लागली नव्हती. "करार म्हणजे करार," ती म्हणाली, आपल्या खोलीत गेली, आणि तिनं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्या घरात त्या दाराला कडी आहे, हे कुणाला माहीतच नव्हतं.

दाताची खुर्ची खिडकीच्या खोलीत गेली, कारण ती मावेल अशी दुसरी जागा नव्हती. अण्णांनी तिच्यात बसून पाहिलं. खुर्ची मागं गेली, पाय वर आले, डोक्यावरचा दिवा बरोबर कागदावर पडला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतकी सोयीची खुर्ची त्यांना मिळाली नव्हती. टेंपोवाल्यानं पोचपावती पुढं केली. अण्णांनी ती आडवं पडूनच तपासली.

राहिली पंपाची खोली आणि दिवाणखान्यातला सोफा. सोफ्याची एक स्प्रिंग वर आली होती, तरी ती पहाटे साडेपाचला थरथरत नव्हती.

"आता जो जिंकेल, त्याचा सोफा," ताई म्हणाली.

"मंजूर," धाकटा म्हणाला. "पण या वेळी आपली अक्षरं आपण टाकायची. आवाज न करता."

दोघं मुकाट खेळली. बावीस वर्षांनी बोटं अडखळत होती, पण ताईनं शेवटच्या वळणावर त्याला कठड्यावर घातलं आणि सरळ निघून गेली. पडद्यावर नवा विक्रम झळकला आणि खाली तीन रिकाम्या चौकटी लुकलुकू लागल्या. ताईनं श्वास रोखून पहिल्या अक्षराकडं बोट नेलं.

तेवढ्यात गेमनं, प्रत्येक नव्या विक्रमाला वाजायची ती तुतारी घरभर वाजवली.

खिडकीच्या खोलीत खुर्ची सावकाश उभी होत असल्याचा आवाज आला. "हात लावू नका," अण्णा म्हणाले. "आलोच."